जुन्या बंदुकांचे मंडळ

प्रश्न : आमच्या तालुक्यात सात-आठ घरांत पिढीजात तोड्याच्या (पेटत्या वातीने डागायच्या) आणि ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुका आहेत. संग्राहकांचे मंडळ काढायचे आहे. परवाना लागेल का? सुरुवात कशी करावी?

उत्तर : बंदूक शंभर वर्षांची झाली की परवान्यातून सुटते, हा समज आधी सोडा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे. पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरले जाण्याची शक्यता नसेल तरच. नळी आणि चाप शाबूत असतील तर नुसते वय कामाला येत नाही. म्हणून प्रत्येक नगाचे फोटो, लांबी, नळीचा व्यास लिहून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे (आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे) लेखी विचारणा करा. उत्तर येईपर्यंत बैठकीत फोटोच मांडा.

पुढे प्रत्यक्ष बंदुका आणाल तेव्हा प्रत्येक नळी भरलेली आहे असेच धरा. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत आजोबांच्या काळची दारू ठासलेली सापडते, आणि कोरडी काळी दारू वर्षांनी निकामी होत नाही. तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत हळूच तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, मग काठी नळीच्या बाहेरून लावून पाहा. टोक कानाच्या छिद्राजवळ (नळीच्या बुडाशी बत्ती देण्याच्या भोकाजवळ) पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच अडले तर थांबा! खरवडू नका, तापवू नका, भोक पाडू नका, पोलिसांना कळवा.

चिंच-लिंबाने घासणे कटाक्षाने टाळा. आम्लाने गंजाबरोबर सोन्याचांदीची कोफ्तगिरीही (लोखंडावर बसवलेली नक्षी) जाते.