ॲडमिन व्हावं की डेव्हलपर?

प्रश्न : वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर मी वर्षभराचा जावाचा कोर्स केला. आता सेल्सफोर्सची (कंपन्यांची विक्री आणि ग्राहकांची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर) कामं करणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून निवड झाली आहे. ॲडमिन (कोड न लिहिता ते सॉफ्टवेअर जुळवून देणारा) की डेव्हलपर (त्यासाठी कोड लिहिणारा), हे महिनाअखेर कळवायचं आहे. ॲडमिनचं काम मला आवडतंय. पण मित्र म्हणतात, ड्रॅग-ड्रॉप करणाऱ्याला पुढे कोणी विचारत नाही; आणि बाबांच्या मते एआयची पहिली कुऱ्हाड याच कामावर पडेल. काय करू?

उत्तर : मित्रांचं म्हणणं आधी पाहू. फ्लो, म्हणजे पडद्यावर चौकटी जोडून उभी केलेली, आपोआप चालणारी कामाची साखळी, बनवायला कोड लागत नाही म्हणून डोकं लागत नाही, असा त्यांचा समज दिसतो. धर, एखाद्या कंपनीत मालागणिक किती सूट (डिस्काउंट) द्यायची याची कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि ती ओलांडली की साहेबांची मंजुरी लागते. फ्लोमध्ये हे तासा-दोन तासांत उभं राहतं. ऑर्डरमधली एकेक ओळ घ्यायची, त्या मालाची मर्यादा शोधायची, ताडून बघायची. पाच ओळींच्या ऑर्डरवर डेमो झकास होतो, सगळे खूश. मग कधीतरी सव्वाशे ओळींची ऑर्डर येते आणि 'टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज : १०१' म्हणत सगळं अडतं. क्वेरी म्हणजे साठवलेली माहिती मागवणं. एका व्यवहारात अशा १०० क्वेरींचीच मुभा असते आणि मर्यादा शोधण्याची पायरी तर लूपच्या, म्हणजे दर ओळीसाठी पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत बसवलेली. ती बाहेर काढून सगळ्या मालाची माहिती एकदाच आणली की काम झालं.

दुरुस्तीला कोडची एक ओळही लागली नाही, पण चूक मात्र अस्सल प्रोग्रामरची होती. जावा शिकताना लूप आणि कलेक्शन घोटली असशील, तर ती तुला चटकन दिसेल. ते वर्ष फुकट गेलेलं नाही.

माझ्या मते खरी मेहनत त्याच्याही आधी आहे. सूट ओळीवर मोजायची की एकूण बिलावर? साहेब रजेवर असतील तर मंजुरी कोण देणार? मंजुरी मिळाल्यावर विक्रेत्याने गुपचूप सूट आणखी वाढवली तर? ग्राहक हे आपणहून सांगत नाही. त्याला वाटतं, यात विचारायचं काय! हे खोदून काढायला क्रेडिट नोट, उधारीची मुदत, परत आलेला माल अशा गोष्टी अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. इथे तुझी कॉमर्सची पदवी कामी येते, आणि मित्रांकडे बहुधा ती नाही.

याचा अर्थ कोडला सुट्टी, असा नाही. लाखो रेकॉर्डवर किचकट हिशेब करायचा असेल किंवा बाहेरच्या सिस्टिमशी नाजूक देवाणघेवाण असेल, तिथे ॲपेक्सच, म्हणजे सेल्सफोर्सची कोड लिहायची भाषाच, बरी. फ्लोचं चित्र पडद्यावर मावेनासं झालं, एका चौकटीला हात लावला की तिसरीच बिघडू लागली, की समजावं, आता हे कोडात लिहिलं तर पुढच्या माणसाचे हाल वाचतील. उलट बाजूही आहे. ॲपेक्स प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर) न्यायचं तर किमान ७५ टक्के कोड टेस्टखाली आलेला असावा लागतो, आणि नंतर तो सांभाळायलाही कोडच येणारा माणूस लागतो. साधा ईमेल पाठवायला ट्रिगर (रेकॉर्ड बदलला की आपोआप चालणारा कोड) लिहिणारे हौशी डेव्हलपर असतात. त्यांचा वारसा चालवणं हे शिक्षेचं काम आहे.

बाबांची काळजी निराधार नाही, फक्त ती एकाच बाजूला लावून चालणार नाही. एआय फ्लोचा पहिला आराखडा काढून देतं, तसं ॲपेक्सही लिहून देतं. नवख्यांचं सोपं काम दोन्हीकडे आटतंय. साधनं तर एआय नसतानाही बदलतच होती. वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर या नियम बसवण्याच्या दोन जुन्या साधनांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ला संपला आणि वर्षानुवर्षं साचलेले नियम फ्लोवर हलवण्याचं काम ॲडमिन मंडळींच्या गळ्यात पडलं. कोणता नियम कशासाठी होता हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना ते जमण्यासारखं होतं. ज्यांना फक्त बटणं पाठ होती, त्यांची पंचाईत.

तेव्हा ॲडमिन कळव. मात्र रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एक उद्योग कर. डेव्हलपर एडिशनचं, म्हणजे सरावाचं, खातं फुकट मिळतं; ट्रेलहेड ही सेल्सफोर्स शिकायची वेबसाइटही फुकट आहे. वरचाच डिस्काउंटचा नियम एकदा फ्लोने आणि एकदा ॲपेक्स ट्रिगरने उभा कर. मग ऑर्डरच्या २०० ओळी एकदम अपलोड कर. ट्रिगरच्या हाती एका वेळी तेवढेच रेकॉर्ड येतात. काहीतरी फुटेलच. डिबग लॉग (काय काय चाललं याची सिस्टिमने ठेवलेली नोंद) वाचत कारण शोधताना जेवायची आठवण राहिली नाही, तर खुशाल ट्रॅक बदल. ॲडमिनचे डेव्हलपर झालेले पुष्कळ आहेत. लॉग पाहून कपाळाला आठ्या पडल्या, तर कन्सल्टंट किंवा बिझनेस ॲनालिस्टची वाट तुझ्यासाठी आहे.

कळवण्याआधी कंपनीला मात्र एक गोष्ट विचार. ॲडमिन ट्रेनीला ग्राहकाच्या रिक्वायरमेंट मीटिंगला बसवतात का? काही ठिकाणी ॲडमिन म्हणजे नवीन युजर बनवणं, पासवर्ड रीसेट करणं आणि महिन्याचे रिपोर्ट काढणं, एवढंच असतं. तुझ्याकडे तसं उत्तर आलं, तर आवडनिवड बाजूला ठेव आणि डेव्हलपर लिहून दे.