अकरा वाजताचा मुलगा

पत्र:

“माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, नववीत. गेले १४ महिने त्याचे गुडघे, उजवा घोटा आणि टाचा दुखतात. मिरजेत तीन डॉक्टर झाले, सांगलीत एक. एक्स-रे नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. एएसओ वाढलेला निघाला म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. व्हिटॅमिन डी कमी होतं, त्याच्या पुड्या झाल्या. एक डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, जाईल. काढे झाले, तेल झालं, देवाचंही झालं. आता कुठली तपासणी राहिली ते सांगा. द्राक्षाचे पैसे आलेत, मोठी तपासणी असली तरी करू. (तसं पाहिलं तर मलाही हल्ली शंका येते. शाळेच्या वेळेलाच याचे पाय आखडतात आणि संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळताना दिसतो. त्यावरून त्याचे वडील चिडतात. मीही आता सकाळी फार लक्ष देत नाही.)”
– एक आई, तासगाव तालुका

ताई,

सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत. कंसाच्या बाहेर नुसते रिपोर्ट आहेत.

सकाळी आखडतो, संध्याकाळी खेळतो. घरात याचा अर्थ ‘नाटक’ असा लागला. संधिवाताच्या डॉक्टरांना हेच वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला असता: उठल्यावर किती वेळ? चारपैकी एकाही डॉक्टरांना तुम्ही हे सांगितलं नसणार, असं मी धरून चालते. आपलं पोर कारणं सांगतंय ही गोष्ट कुणी दवाखान्यात बोलत नाही, घरातच झाकतं. तुमची धावपळ झाली, पैसा गेला, कबूल. त्यावर मी थांबणार नाही. रोज सकाळी दुखणंही त्याच्याच वाट्याला आणि खोटारडा ठरणंही त्याच्याच.

सांध्यांच्या दुखण्याचे ढोबळ दोन प्रकार असतात. एक वापरानं वाढतं आणि विश्रांतीनं कमी होतं. गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा उड्या मारून दुखायला लागतो, किंवा टाचेच्या वाढत्या हाडावर ताण येतो, ते या प्रकारातलं. ते मूल सकाळी ठीक असतं आणि खेळून आल्यावर लंगडतं. दुसरं दुखणं सुजेचं. ते विश्रांतीनं वाढतं आणि हालचालीनं सुटतं. रात्रभर सांधा हलत नाही, सुजलेल्या अस्तरात पाणी साठतं. सूज आटोक्यात ठेवणारं शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि सूज वाढवणारी रसायनं पहाटे चढतात. म्हणून पोर साडेसहाला लाकूड होऊन उठतं आणि दहापर्यंत मोकळं होतं. संध्याकाळी पाचला कबड्डी खेळणं त्याच्या आजारात बसतं, ताई. तुम्ही जो पुरावा त्याच्याविरुद्ध धरलात, तो त्याच्या बाजूचा आहे.

वाढीच्या वयाचं दुखणं तर याच्या अगदी उलटं. ते साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांना होतं, संध्याकाळी किंवा रात्री होतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत होतं, सांध्यात नाही, आणि सकाळी त्याचा मागमूस नसतो. तुमच्या मुलाचं यातलं काय जुळतं?

अजून शंका असेल तर रविवार बघा. शाळा चुकवायला पाय आखडत असतील तर रविवारी आखडायला नकोत, दिवाळीच्या सुट्टीत तर मुळीच नकोत. दीड-दोन तास एका जागी बसल्यावर, एसटीतून उतरताना, लग्नातल्या पंगतीतून उठताना तो पहिली चार पावलं कशी टाकतो तेही बघा. खोटं बोलणारा मुलगा पंगतीतून उठताना लंगडायची आठवण ठेवत नाही.

आता चार डॉक्टरांना हे का दिसलं नाही? तासगावहून मिरज-सांगलीला पोचून नंबर येईपर्यंत अकरा वाजतात. चौघांनीही अकरा वाजताचा मुलगा पाहिला. साडेसहाचा मुलगा फक्त तुमच्या घरात असतो, आणि त्या वेळी तुम्ही लक्ष देणं सोडलंत.

रिपोर्टांबद्दल थोडं सांगते, कारण तुमचा सगळा विश्वास तिथे आहे. आरए फॅक्टर मुळात मोठ्यांच्या आमवातासाठी. मुलांच्या संधिवातात तो शंभरातल्या पाचेक मुलांतच सापडतो, म्हणजे ‘निगेटिव्ह’ शब्दानं तुमच्या मुलापुरतं काहीच नाकारलं गेलं नाही. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यासुद्धा सांधे सुजलेले असताना नॉर्मल येऊ शकतात. एक्स-रेत हाड दिसतं, सांध्याचं सुजलेलं अस्तर दिसत नाही. एक्स-रे बिघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. युरिक अ‍ॅसिडची तपासणी या वयात का केली जाते, देव जाणे. व्हिटॅमिन डी आपल्याकडे इतक्यांचं कमी असतं की शोधाल तिथे सापडेल. पुड्या घेतल्यात ते बरंच केलंत, पण त्यानं रोज सकाळी एकच घोटा आखडत नाही.

एएसओचं मात्र नीट ऐका. तो वाढलेला असणं म्हणजे घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग होऊन गेल्याची खूण, आणि शाळकरी मुलांत हे नेहमीचं आहे. या संसर्गानंतर कधीकधी होणाऱ्या ज्या आजारासाठी पेनिसिलिन देतात, त्या संधिज्वरात आज गुडघा सुजतो, चार दिवसांनी तो सुटून घोटा धरतो, आणि काही आठवड्यांत सांधे शांत होतात. तेच सांधे १४ महिने धरून बसत नाही तो. पण तरी इंजेक्शन स्वतःच्या मनानं बंद करू नका, कारण संधिज्वर खरोखरच असेल तर प्रश्न हृदयाच्या झडपांचा असतो. ज्यांनी चालू केलं त्यांना विचारा: हृदयाचा इको कधी केला, त्यात काय आलं, आणि निदान कशावरून झालं? उत्तर लिहून घ्या.

आणि द्राक्षाचे पैसे तूर्त पिशवीतच राहू द्या. मोठी तपासणी म्हणून तुम्ही एमआरआय काढाल, तो ‘कमरेचा’ म्हणून मणक्यांचा निघेल, नॉर्मल येईल, आणि मुलगा पुन्हा खोटा ठरेल. टाचा दुखणाऱ्या या वयाच्या मुलांत बघायचे असतात ते माकडहाडाच्या वरचे, ओटीच्या हाडाचे दोन सांधे. ते मणक्यांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये नीट येत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळ्या कोनातून, सूज उजळ दाखवणाऱ्या पद्धतीनं फोटो घ्यावे लागतात. तो काढायचा की नाही आणि कसा, हे संधिवाततज्ज्ञ लिहून देतील. एचएलए-बी२७, म्हणजे अशा संधिवाताकडे कल दाखवणारी जनुकाची खूण, तिच्या रक्ततपासणीचंही तसंच. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार असं नाही, कित्येक निरोगी माणसांत ती पॉझिटिव्ह असते; निगेटिव्ह आली म्हणून आजार सुटला असंही नाही. तपासून विचार करणाऱ्याच्या हातात ती कामाची, एरवी अजून एक कागद.

तेव्हा करायचं एकच. सात दिवस त्याच्या सकाळी मोजा आणि ती वही घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे जा. हाडांच्या डॉक्टरांकडे नको.

वही अशी. डोळे उघडले ती वेळ. उकिडवं बसता आलं ती वेळ. मोजे स्वतः चढवता आले ती वेळ. मधला फरक मिनिटांत. कोणता सांधा, उजवा की डावा. रात्री दुखून जाग आली का. वेदनेची गोळी दिली असेल तर कोणती, किती वाजता. शेजारी आदल्या संध्याकाळचा खेळ लिहा. एवढंच, ‘फार दुखलं’, ‘थोडं दुखलं’ असं लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही.

सकाळीच दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. वाटीच्या दोन्ही अंगांना खळगे असतात, पाणी साठलं की ते बुजतात. हाताची पालथी बाजू लावा: चांगला गुडघा वाटीवर मांडीपेक्षा गार लागतो, सुजलेला तसा लागत नाही. टाचेच्या मागे जाड शीर हाडाला चिकटते तिथे अंगठ्यानं दाबा, तळव्याकडून टाचेच्या पुढच्या कडेलाही दाबा. ओरडला तर ती जागा वहीत लिहा. टेपनं दोन्ही मांड्या वाटीच्या वर १० सेंटीमीटरवर मोजा. जो पाय तो वाचवतोय, त्याची मांडी बारीक झालेली असते. हे नाटकानं जमत नाही.

अंथरुणातून उठतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मिनिटाभराचा, तीन दिवसांचे तीन. त्याला विचारून काढा, चोरून नाही. तो १५ वर्षांचा आहे आणि घरात सगळे त्याला चोर समजतात हे त्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशीच सांगा की हा व्हिडिओ तुला पकडायला नाही, डॉक्टरांना दाखवायला आहे.

शिवाय दोन गोष्टी घरात विचारून ठेवा. माहेरी किंवा सासरी कुणाची पाठ तरुणपणीच ताठ झाली होती का, कमरेतून वाकून चालणारा कुणी मामा, काका, आजोबा? कुणाला सोरायसिस? आणि मुलाचा डोळा कधी लाल होऊन दुखला होता, उजेड सहन होत नव्हता, आणि औषधाच्या दुकानातले थेंब घालून भागवलं होतं का? सुजेच्या संधिवातात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते. नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, डोळे तपासून घ्यावे लागतील, आता दिसत नसलं तरी.

जायचं कुठे? सांगली-कोल्हापुरात मोठ्यांचे संधिवाततज्ज्ञ मिळतील, या वयाच्या मुलाला ते बघतात का हे आधी फोनवर विचारा. मुलांचेच हवे असतील तर मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय आहे. तिथली संधिवाताच्या ओपीडीची वेळ निघण्याआधी विचारून घ्या. रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालात तर सकाळी दादरला उतराल. रात्रभर बर्थवर पडून तो आखडलेला असेल. यावेळी ते आपल्या पथ्यावर पडेल. सकाळची पहिली वेळ मागा. आत गेल्यावर फाइल उघडू नका. पहिलं वाक्य हे बोला: “रोज सकाळी एवढी मिनिटं याला वाकता येत नाही, हिंडला-फिरला की सुटतं, १४ महिने झाले.” रिपोर्ट मागतील तेव्हा द्या.

१६ वर्षांच्या आत सुरू झालेला, ६ आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्यांचा सुजेचा आजार, त्याला जेआयए म्हणतात, म्हणजे मुलांचा संधिवात. त्यातला टाचा, घोटे, गुडघे आणि पुढे कंबर-खुबे धरणारा प्रकार या वयाच्या मुलग्यांत जास्त दिसतो. तुमच्या मुलाला तोच आहे असं मी पत्रावरून म्हणत नाही. तो नाही असं अजून कुणी तपासलेलं नाही, एवढंच म्हणते. डॉक्टर त्याच्या कमरेवर पेनानं खुणा करून वाकायला लावतील, एकेक सांधा दाबून बघतील, क्षयाचीही तपासणी सांगतील. घाबरू नका. औषधं आहेत आणि चांगली आहेत, फक्त खुबा झिजायच्या आधी सुरू व्हावी लागतात.

तोवर एक सांभाळा. कुणी ‘एक इंजेक्शन देतो, चटकन उतरेल’ म्हणालं किंवा बिननावाच्या पुड्या दिल्या, तर घेऊ नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. रक्ताचा कर्करोगही कधीकधी मुलांत सांधेदुखी म्हणूनच सुरू होतो आणि स्टेरॉइडनं तो काही काळ झाकला जातो. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) झालेला हवा; झाला नसेल तर याच आठवड्यात तालुक्यात करून घ्या, स्वस्त तपासणी आहे. ताप, वजन उतरणं, चेहरा पांढरा पडणं, अंगावर काळे-निळे डाग, रात्री हाडं दुखून किंचाळून उठणं, यातलं काही दिसलं तर सात दिवसांची वही विसरा आणि त्याच दिवशी निघा. एकच सांधा लाल-गरम होऊन ताप आला आणि पाय टेकवेना, तर त्याच तासाला.

त्याच्या वडिलांना हे पत्र वाचायला द्या. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या की तपासणी चालू आहे, पहिल्या तासाला उशीर झाला तर उभं करू नका. सकाळी अर्धा तास आधी उठवा, गरम पाण्यानं आंघोळ करू द्या, मग दप्तर.

आणि कबड्डी बंद करू नका. डॉक्टर सांगेपर्यंत, त्याला झेपेल तेवढी खेळू द्या.