जपानमधला ढगांवर तरंगणारा ताकेदा किल्ला पडकाच का ठेवलाय? पुन्हा का बांधत नाहीत?

बांधायचं तरी काय? वरच्या लाकडी इमारती नेमक्या कशा दिसायच्या याचा पक्का पुरावा हाती नाही. ओसाका किल्ल्याचा मुख्य मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये उभारला, आज आत लिफ्टसुद्धा आहे. पण ताकेदा 1943 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि अशा जागी पुराव्याशिवाय अंदाजपंचे बांधकाम करू देत नाहीत. माझ्या मते झालं ते बरंच झालं.

ह्योगो प्रांतातल्या आसागोमधला हा किल्ला पंधराव्या शतकात यामाना घराण्याने बांधला, असं मानतात. जवळच इकुनोची चांदीची खाण, त्यामुळे डोळा सगळ्यांचाच. 1577 मध्ये पुढे सगळा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीचा धाकटा भाऊ हिदेनागा याने तो घेतला. आज दिसणारा दगडी तट शेवटचा किल्लेदार आकामात्सु हिरोहिदे याच्या काळातला. जपानच्या सत्तेसाठी दोन गटांत झालेल्या 1600 च्या सेकिगाहारा युद्धात हा गडी आधी एका बाजूला होता, मग दुसऱ्या. तोत्तोरी किल्ल्याच्या वेढ्यात गाव जाळल्याचा ठपका त्याच्यावर आला, त्याला सेप्पुकु, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली आणि किल्ला ओस पडला. लाकूड गेलं, दगड राहिले.

पण काय दगड! अनघड, चुन्याचा थेंब नाही, फटींतून पाणी आपोआप निथळतं. सुमारे 354 मीटर उंचीच्या माथ्यावर दक्षिणोत्तर 400 मीटर लांब हा पसारा आहे. ढासळलेला तट 1970 च्या दशकात पुन्हा रचून घेतला. आपल्याकडे गडावर वाड्यांची जोती बघायची सवय असलेल्याला इथे घरच्यासारखं वाटतं.

खरं नुकसान पावसाने नाही, पायांनी केलं. फोटो गाजले, सिनेमे झाले, आणि 2013 च्या आर्थिक वर्षात पाच लाखांवर माणसं चढली, आदल्या वर्षाच्या दुप्पट. गवत तुडवलं गेलं, माती वाहून गेली, चारशे वर्षं पुरलेली कौलं उघडी पडली. मग दोऱ्या लागल्या, वाटेवर चटया अंथरल्या, फिरायचा मार्ग एकेरी झाला, तिकीट आलं. ऐन हिवाळ्यात तर किल्ला चक्क बंद असतो. मी गेलो तेव्हा त्या चटयांनी आधी वैताग आला, फोटोत सारख्या येतात. मग कडेला मातीतून डोकावणारं एक खापर दिसलं आणि गप्प चटईवरून चालायला लागलो.

जाणार असाल तर एक सांगतो. तो ढगांचा फोटो किल्ल्यावरून मिळत नाही, तिथे तुम्हीच ढगात असता! त्यासाठी दरीपलीकडच्या डोंगरावर, रित्सुउंक्यो नावाच्या जागी, पहाटे जावं लागतं. शरद ऋतूत, रात्र गार आणि दिवस उबदार असेल तेव्हा मारुयामा नदीवरून धुकं चढतं. जाड जॅकेट न्या, आणि धुकं नाही आलं तर किल्ल्यावर चिडू नका.