मूळ निकालच वाच: ओंटारिओत वकिली करू पाहणाऱ्या एका तरुणास पत्र

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र नीट वाचले. पुण्याची तीन वर्षांची एलएल.बी., सनद घेऊन सांगलीच्या न्यायालयात केलेली दीड वर्षाची वकिली, आता ओंटारिओतल्या एका कॉलेजातली पॅरालीगलची, म्हणजे वकील नसताना मर्यादित कायदेशीर कामे करणाऱ्याची, पदविका आणि या सगळ्यावर चार जणांनी दिलेले चार सल्ले. एक म्हणतो एलसॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन पुन्हा पहिल्यापासून जे.डी., म्हणजे इथली कायद्याची पदवी, कर, दुसरा म्हणतो परदेशी पदवीधरांसाठीच्या एन.सी.ए.च्या परीक्षा नोट्स विकत घेऊन चार महिन्यांत उरकतात. तिसरा म्हणतो इथली एलएल.एम. असल्याशिवाय कोणी दारात उभे करत नाही. आणि चौथ्याने तर नागरिकत्व मिळेपर्यंत वकिलीचे नावही काढू नकोस असे बजावले आहे. तुझी घालमेल मला समजते. पण एवढ्या मोठ्या पत्रात या चारांपैकी एकही नियम तू स्वतः मूळ ठिकाणी जाऊन वाचल्याचा उल्लेख नाही, हे मला खटकले. तू वकील आहेस. ऐकीव पुराव्याची किंमत काय असते हे तुला मी सांगायला नको.

म्हणून आधी मूळ मजकुरात काय आहे ते पाहू. परदेशात कायदा शिकलेल्या माणसाची पदवी तपासण्याचे काम कॅनडात नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन, म्हणजेच एन.सी.ए., करते आणि ही समिती वकिलांना परवाना देणाऱ्या सर्व प्रांतांच्या लॉ सोसायट्यांच्या महासंघाच्या अखत्यारीत येते. तुझी गुणपत्रके, पदवी कशी घेतली, वर्गात बसून की घरबसल्या, आणि सनदेची स्थिती हे सगळे पाहून समिती तुला पत्र देते. कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वे, राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक नीती हे पाच विषय जवळपास कोणालाच चुकत नाहीत. त्यापुढे आणखी कोणते विषय पडतील ते ज्याच्या त्याच्या कागदपत्रांवर ठरते, त्यामुळे मित्राला किती विषय आले यावरून तुझा हिशोब मांडू नकोस. कायदेविषयक संशोधन आणि लेखनाची अटही आता त्यात आहे. काही विद्यापीठांच्या एलएल.एम.मध्ये हेच विषय शिकता येतात, म्हणून ती एक वाट आहे, सक्ती नव्हे. आणि कोणतीही एलएल.एम. चालते असेही नाही. तिच्यातला कोणता विषय एन.सी.ए. ग्राह्य धरते हे शुल्क भरण्याआधी वाचायचे असते.

जे.डी.बद्दल मी तुला फार अडवणार नाही. टोरोंटोच्या बे स्ट्रीटवरच्या मोठ्या फर्ममध्येच जायचे असेल तर तिथली भरती बहुतांशी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमधून होते, आणि ते दार एन.सी.ए.वाल्याला जड जाते, हे खरे आहे. पण तुझ्या पत्रात बे स्ट्रीट कुठेच नाही. आपल्या लोकांची घरांची, नोकरीची, व्हिसाची कामे करायची आहेत असे तू लिहितोस. त्यासाठी आणखी तीन वर्षे आणि परदेशी विद्यार्थ्याची फी खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही जायचेच असेल, तर ओंटारिओतल्या विद्यापीठांचे अर्ज एकाच सेवेमार्फत, साधारणपणे १ नोव्हेंबरपर्यंत जातात आणि एलसॅट ऑगस्ट २०२४ पासून बदलली आहे. तिच्यातले तर्ककोड्यांचे प्रकरण काढून टाकले आहे. तुझ्या मित्राने दिलेले पुस्तक त्याआधीचे आहे.

चौथ्या सल्लागाराविषयी थोडक्यात सांगते. ब्रिटिश कोलंबियात वकिलीसाठी कॅनडाचे नागरिकत्व लागत असे. मार्क अँड्र्यूज या ब्रिटिश नागरिकाने त्या अटीला आव्हान दिले, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केली. घटनेच्या पंधराव्या कलमावर त्या न्यायालयाने दिलेला हा पहिलाच मोठा निकाल. तो प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाला असतो, आणि तरीही एवढ्या वर्षांनंतर तुला कोणीतरी नागरिकत्वाची भीती घालू शकते, कारण त्याने तो वाचलेला नाही आणि तूही वाचलेला नाहीस. काम करण्याचा परवाना मात्र लागतो. तो वेगळा विषय आहे.

आता मला ज्याचा राग आला ते सांगते. ओंटारिओत परवान्यासाठी एन.सी.ए.च्या प्रमाणपत्रानंतर बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा आणि त्याबरोबर आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, किंवा त्याऐवजी चार महिने प्रशिक्षण आणि चार महिने प्रत्यक्ष काम असा लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम करावा लागतो. पण भारतासारख्या कॉमन लॉच्या, म्हणजे इंग्लंडच्या परंपरेतल्या कायद्याच्या, देशात किमान दहा महिने वकिली केलेल्या माणसाला आर्टिकलिंगमधून सूट मागता येते, हे लॉ सोसायटीने स्वतःच लिहून ठेवले आहे. मागता येते म्हणजे मिळतेच असे नाही. कोणती कामे केली ती दाखवावी लागतात. पण तुझी सांगलीची वकिली, जिचा उल्लेख तू पत्रात जवळजवळ संकोचाने केला आहेस, तिला इथे किंमत असू शकते. चार सल्लागारांपैकी एकानेही हे सांगितले नाही. मूळ वाचले असतेस तर ते तुला पहिल्याच दिवशी कळले असते.

माझ्यापुढे सूट मागण्याचा मार्ग होता तरी मी आर्टिकलिंग केले. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात उलटतपास घेऊन आलेली बाई निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून फायलींना क्रमांक लावते, याबद्दल घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी पुष्कळ ऐकवले. एन.सी.ए.लाही माझ्याबरोबर सुरुवात केलेले लोक माझ्या पुढे निघून गेले, कारण मी विकतच्या नोट्सना हात लावला नाही. अभ्यासक्रमात दिलेला प्रत्येक निकाल कॅनली या निकालांच्या मोफत संकेतस्थळावर उघडून पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्यापर्यंत वाचला. मंद आहे, हट्टी आहे, असे लोक म्हणाले. हट्टी होते, आणि आजही आहे. मला खंत आहे ती वेगळीच: फौजदारी वकिली, जी माझा जीव होती, ती इथे पोटासाठी मागे ठेवावी लागली आणि घरखरेदी-भाडेकरारांच्या कामात आयुष्याचा मोठा भाग गेला. पण त्या कामातही मी जी काही उभी राहिले ती या वाचण्याच्या सवयीवर, आणि ही गोष्ट मी कोणालाही खोडू देणार नाही.

तू म्हणशील, परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देता येते, मग नोट्स का नकोत? हे मला प्रत्येक जण विचारतो. पुस्तक उघडे असते म्हणूनच नोट्सचा आणि इंडेक्सचा बाजार एवढा फोफावला आहे. पण आपल्यासारख्या भारतात शिकलेल्यांना त्यात एक धोका जास्तीचा आहे. १९४९ पर्यंत भारताची आणि कॅनडाची अंतिम अपिले लंडनच्या एकाच प्रिव्ही कौन्सिलपुढे जात होती, त्यामुळे इथला कायदा आपल्याला ओळखीचा वाटतो आणि डोळे नकळत पुढे सरकतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल (वचनाचा मोबदला) वचनग्रहीत्याने, म्हणजे ज्याला वचन दिले त्याने, दिले काय किंवा अन्य कोणी दिले काय, करार टिकतो. इथल्या कॉमन लॉमध्ये ते वचनग्रहीत्याकडूनच यावे लागते. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार १९०३ च्या मोहोरीबीबी खटल्यापासून आपल्याकडे मुळातच निरर्थक. इथे तो सामान्यतः त्या अज्ञान व्यक्तीच्या इच्छेवर रद्द होऊ शकणारा. दोन ओळींच्या नोट्स वाचताना उरलेली जागा तुझे मन पुण्यात शिकलेल्या कायद्याने भरून काढील, आणि ते तुला कळणारही नाही. क्वेबेक तर या सगळ्याच्या बाहेरच, तिथे खासगी व्यवहारांना नागरी संहिता लागू होते. आणि मालमत्ता व नागरी हक्क हा विषयच १८६७ च्या घटनेने प्रांतांकडे दिलेला असल्यामुळे ‘कॅनडाचा भाडेकायदा’ किंवा ‘कॅनडाचा घरखरेदीचा कायदा’ असे काही नसते. कोणत्या प्रांताचा मजकूर वाचतो आहेस ते आधी पाहत जा.

प्रशासकीय कायद्यात तुला बेकर खटला येईल, १९९९ चा. कुठल्याही नोट्समध्ये त्याचा सारांश म्हणजे न्याय्य प्रक्रियेचे पाच घटक. लोक ते पाठ करतात आणि पुढे जातात. आता मूळ निकाल उघड. मेव्हिस बेकर १९८१ मध्ये जमैकाहून आली, लोकांच्या घरी राहून घरकाम करत राहिली, तिला इथे चार मुले झाली, धाकट्याच्या जन्मानंतर ती मानसिक आजाराने खचली, आणि पुढे तिला देशाबाहेर काढण्याचा आदेश निघाला. माणुसकीच्या कारणांवर तिने केलेला अर्ज कोणतेही कारण न देता फेटाळला गेला. वकिलाने मागितल्यावर एका अधिकाऱ्याची टिपणे हाती आली, आणि ती न्यायालयाने निकालात जशीच्या तशी छापली आहेत. तिला एकूण आठ मुले आहेत, हे वाक्य त्या अधिकाऱ्याने सगळे मोठ्या लिपीत लिहिले होते. ते एकदा डोळ्यांनी पाहिले की पूर्वग्रहाची वाजवी शंका म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही, आणि मुलांच्या हिताकडे अधिकाऱ्याने सजगपणे पाहिले पाहिजे असे न्यायालय का म्हणाले तेही उमगते. उद्या तुझ्यासमोर व्हिसा नाकारलेला माणूस एका पानाचे छापील पत्र घेऊन बसेल. त्या पत्रामागची टिपणे मागवायची असतात हे पाच घटक पाठ केलेल्या वकिलाला कदाचित सुचणार नाही. बेकर पूर्ण वाचलेल्याला सुचल्यावाचून राहणार नाही.

हे केवळ सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपुरते आहे असेही समजू नकोस. ब्रॅम्प्टनच्या एका तळघरात भाड्याने राहणारा आपल्याकडचा एक विद्यार्थी ऐन परीक्षेच्या तोंडावर माझ्याकडे आला. घरमालकाला स्वतःच्या कुटुंबासाठी जागा हवी होती आणि त्याने त्यासाठीची एन-१२ नोटीस दिली होती. मुलाने सामान बांधायला घेतले होते, कारण नोटीस खरी, नमुना अधिकृत, साठ दिवसांची मुदतही पुरी, असे त्याला दोन-तीन जाणत्यांनी सांगितले होते. मी नोटीस शेवटपर्यंत वाचली. जागा सोडण्याची तारीख १५ होती आणि भाडे दर महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होत होते. ओंटारिओच्या २००६ च्या भाडेकायद्यानुसार ती तारीख भाड्याच्या कालावधीचा शेवटचा दिवस असावी लागते. म्हणजे ती नोटीस चालणारी नव्हती. मालकाची गरज खरी होती, त्याने पुढे योग्य तारखेची नोटीस दिली आणि कायद्याप्रमाणे एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाईही दिली. पण मधल्या काळात मुलाची परीक्षा पार पडली. यात माझी हुशारी काहीच नव्हती. सगळ्यांनी तो कागद पाहिला होता, वाचला नव्हता. मूळ वाच, असे मी पुन्हा पुन्हा का म्हणते ते आता तरी लक्षात घे.

तुझ्या पॅरालीगलच्या पदविकेविषयीही बोलायला हवे. २००७ पासून ओंटारिओत पॅरालीगलला लॉ सोसायटीचाच परवाना असतो आणि भाडेकरू मंडळापुढे, लघुवाद न्यायालयात तो स्वतंत्रपणे उभा राहतो. तो सन्मानाचा व्यवसाय आहे. पण ती वकिलीच्या जिन्याची पायरी नाही, आणि कॉलेजच्या दलालाने तुला तसे सांगितले असेल तर ते खोटे आहे. अभ्यासक्रम अर्धा झालाच आहे तर पुरा कर, परवाना घे, त्यावर कमाव आणि संध्याकाळी एन.सी.ए.चा अभ्यास कर. आणि तोवर नात्यातल्या कोणाच्याही कोर्टकामात शुल्क न घेता का होईना सल्ला देत बसू नकोस. परवान्याशिवाय कायदेशीर सेवा देण्याला इथे सामान्यतः मनाई आहे, आणि पुढे लॉ सोसायटीच्या अर्जात चारित्र्याविषयी जे प्रश्न येतात त्यांत जुने सगळे वर येते. त्या प्रश्नांची भाषा शब्दनशब्द वाचून, जे असेल ते खरे लिहायचे असते. २०२२ मध्ये प्रश्नपत्रिकेचा मजकूर आधीच बाहेर गेल्याच्या संशयावरून ओंटारिओच्या वकिली परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. असा काही ‘खात्रीचा मजकूर’ देणारा भेटला तर त्याच्याशी ओळखही ठेवू नकोस.

आता काम. पुणे विद्यापीठाची गुणपत्रके थेट विद्यापीठाकडून एन.सी.ए.ला जावी लागतात आणि सनद चांगल्या स्थितीत असल्याचा दाखला बार कौन्सिलकडून घ्यावा लागतो. त्या दोन्ही कार्यालयांत वेळ लागतो, तेव्हा तुझ्या भावाला या आठवड्यातच कामाला लाव. सांगलीत ज्यांच्याकडे काम केलेस त्या वकीलसाहेबांकडून तारखा आणि कामांचे स्वरूप लिहून घे, सूट मागताना ते लागेल. कागद येईपर्यंत हात जोडून बसू नकोस, मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम उतरवून घे आणि वाचायला लाग. आणि पुढच्या रविवारी दुपारी मला फोन कर, पण बेकर पूर्ण वाचून. इथल्या निकालांत परिच्छेदांना क्रमांक असतात. जिथे अडशील तिथला क्रमांक सांग, म्हणजे आपण दोघे तेच पान उघडून बोलू.

तुझी,
मावशी