शंका-समाधान : फाइल वाचली, पण रक्कम नल

या वेळच्या बहुतेक शंका आयएसओ २००२२ (बँकांच्या संदेशांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) पद्धतीच्या एक्सएमएल बँक-फाइलींबद्दल आहेत. आपल्याकडचं आरटीजीएसही २०१३पासून याच प्रमाणावर चालतं, त्यामुळे नवल नाही. उत्तरं जावा आणि जॅक्सबी (एक्सएमएलचं जावा ऑब्जेक्टमध्ये आणि उलट रूपांतर करणारी लायब्ररी) धरून दिली आहेत.

प्रश्न : बँकेचं कॅम्ट ०५३ स्टेटमेंट आम्ही हाताने लिहिलेल्या क्लासमध्ये अनमार्शल करतो, म्हणजे फाइलवरून ऑब्जेक्ट बनवतो. एरर येत नाही, ऑब्जेक्ट मिळतो, पण आतली सगळी फील्ड नल (रिकामी). फाइलमध्ये तर डेटा आहे!

नेमस्पेसचा, म्हणजे एलिमेंटची नावं कोणत्या प्रमाणातली ते सांगणाऱ्या ओळखीचा, घोळ आहे. रूट एलिमेंटच्या अ‍ॅनोटेशनमध्ये तुम्ही नेमस्पेस दिला असणार. नसता दिला, तर ‘अनएक्स्पेक्टेड एलिमेंट’ म्हणून गाडी तिथेच थांबली असती. पण रूटवरचा नेमस्पेस आतल्या फील्डना आपोआप लागत नाही. जॅक्सबी आत बिननेमस्पेसचं एलिमेंट शोधतं, फाइलमध्ये नेमस्पेसवालं असतं, आणि दोघांची भेट होत नाही. त्याच पॅकेजमध्ये पॅकेज-इन्फो ही जावा फाइल ठेवा. तिच्यात @एक्सएमएलस्कीमा लिहून नेमस्पेस द्या आणि एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट ‘क्वालिफाइड’ करा. नेमस्पेस फाइलशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे; प्रीफिक्स कोणताही असो, फरक पडत नाही.

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. अनमार्शलर अनोळखी एलिमेंट आणि न बसणारी व्हॅल्यू मुकाट्याने सोडून देतो. रकमेत कुणी ‘१,००,०००.००’ असं लिहिलं की बिगडेसिमल फील्ड नल राहतं, कारण एक्सएसडीच्या (फाइलची रचना ठरवणाऱ्या स्कीमाच्या) डेसिमलमध्ये स्वल्पविराम चालत नाही. लॉगमध्ये याची एक ओळही दिसणार नाही. म्हणून स्कीमाफॅक्टरीने एक्सएसडी लोड करा आणि वाचण्याआधी अनमार्शलरवर सेटस्कीमा करा. मग तीच फाइल पहिल्याच चुकीवर अडते. ‘सीव्हीसी’ने सुरू होणारी एरर मिळते आणि फाइलमधली ओळही कळते. एरर नसणं म्हणजे फाइल बरोबर असणं, हे जॅक्सबीच्या बाबतीत कधीच गृहीत धरू नका.

प्रश्न : पेन ००१ या, बँकेला पेमेंट करायला सांगणाऱ्या संदेशाच्या .०३ आवृत्तीच्या एक्सएसडीवरून एक्सजेसीने क्लास केले. मार्शल करताना (ऑब्जेक्टवरून फाइल लिहिताना) रूटएलिमेंट अ‍ॅनोटेशन नाही अशी तक्रार येते. आणि .०९ सुद्धा जनरेट केल्यावर आधीच्या क्लासची वाटच लागली.

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. या एक्सएसडीत ‘डॉक्युमेंट’ हे एलिमेंट नाव असलेल्या कॉम्प्लेक्सटाइपकडे बोट दाखवतं. तोच टाइप उद्या दुसरं एलिमेंटही वापरू शकेल, म्हणून एक्सजेसी त्याच्यावर रूटचा शिक्का मारत नाही. टाइप बिननावाचा, एलिमेंटच्या पोटातच असता, तर मारला असता. अ‍ॅनोटेशन हाताने चिकटवू नका, पुढच्या बिल्डला ते पुसलं जाईल. ऑब्जेक्टफॅक्टरीतलं क्रिएटडॉक्युमेंट वापरा आणि त्यातून मिळणारं जॅक्सबीएलिमेंट मार्शलरला द्या.

दुसरी भानगड गमतीची आहे. एक्सजेसी पॅकेजचं नाव नेमस्पेसवरून बनवतं, आणि शेवटी टिंबानंतर दोन-तीन अक्षरं असली तर त्यांना फाइलचं एक्स्टेन्शन समजून छाटतं. त्यामुळे .०३ आणि .०९ दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येऊन आदळतात. प्रत्येक आवृत्तीला ‘-पी’ ऑप्शनने वेगळं पॅकेज द्या. मॅपिंगचा कोड मात्र जसाच्या तसा चालणार नाही. पेमेंट कधी करायचं ती तारीख .०३ मध्ये थेट असते; .०९ मध्ये ती तारीख किंवा तारीख-वेळ अशा चॉइसच्या आत जाते.

प्रश्न : तारखेपुढे ‘+०५:३०’ येतं आणि बँक फाइल परत करते.

ग्रेगोरियनकॅलेंडरवरून एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर बनवलं की टाइमझोनही सोबत येतो. एक्सएसडीच्या दृष्टीने ‘२०२४-०४-०१+०५:३०’ वैध आहे, म्हणून तुमचं व्हॅलिडेशन पास होतं; घेणारी सिस्टिम मात्र नुसती तारीख मागते. लोकलडेटची स्ट्रिंग डेटाटाइपफॅक्टरीला द्या, झोन येणार नाही. जागा बऱ्याच असतील तर बाइंडिंग फाइलमध्ये अ‍ॅडॅप्टर लावून सगळीकडे लोकलडेटच घ्या.

प्रश्न : जावा ८ वरून ११ वर गेल्यावर जॅक्सबीकॉन्टेक्स्ट सापडत नाही.

जावा ११ मधून जॅक्सबी काढून टाकलं आहे, ते डिपेंडन्सी म्हणून वेगळं घ्यावं लागतं. एपीआय आणि रनटाइम, दोन्ही लागतात. नुसतं एपीआय घेतलं तर कंपाइल होतं आणि चालवताना पडतं. ३.० पासून पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होतं. जुने जनरेट केलेले क्लास नव्या रनटाइमसोबत चालवले, तर त्यांच्यावरची अ‍ॅनोटेशन त्याला दिसतच नाहीत; म्हणून एक्सजेसीही ३.० किंवा पुढचं घेऊन क्लास पुन्हा जनरेट करा.