नागिणीच्या 'शिंग्रिक्स' लशीत विषाणूचं एकच प्रथिन असतं, मग ती काम कशी करते?

कारण ते प्रथिन नेमकं हेरलेलं आहे. नागीण आणि कांजण्या एकाच विषाणूमुळे होतात. तो हर्पिस कुळातला. त्याच्या चरबीच्या आवरणात साखर चिकटलेली प्रथिनं खोचलेली असतात. त्यातली जीबी, जीएच, जीएल नावाची प्रथिनं विषाणूचं आवरण आपल्या पेशीच्या पडद्यात मिसळवतात आणि विषाणू आत शिरतो. जीई नावाचं प्रथिन त्याला एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत पसरायला मदत करतं. बाधित पेशीवर सगळ्यात जास्त तेच दिसतं, म्हणून लशीत तेच घेतलं.

पण नुसतं प्रथिन टोचून भागत नाही. कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात त्याच्यावर पहारा देणाऱ्या रोगप्रतिकारक टी-पेशी ढिल्या पडतात. त्यांना जागं करायला लशीत सहायक द्रव्य असतं. त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून मिळतो, हे मला फार विलक्षण वाटतं. मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांना सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळालं.

जननांगाच्या हर्पिससाठी जीडी प्रथिनाची लस अशीच करून पाहिली. २०१२ मध्ये निकाल आला, तेव्हा ती त्या रोगाच्या एचएसव्ही-२ विषाणूला रोखू शकली नव्हती.