इंजिन उघडण्याआधी पत्रा ठोकून बघा
वाचक विचारतात : जुनी गाडी

प्रश्न : आमची २०१२ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक आहे. केए-२२ पासिंग, १ लाख ४८ हजार किलोमीटर झालेत. रोज खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा. चढाला पिकअप मिळत नाही, धूर येतो, अडीच हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतं. क्लच घसरतो, पुढून खडखड आवाज येतो. गॅरेजमधून ९२ हजारांचं एस्टिमेट मिळालंय : हाफ इंजिन ४५ हजार, टर्बो २२, क्लच ११, पुढचं सस्पेन्शन ९, एसी ५. आहे तशी दिली तर एजंट १ लाख ७० हजार देतो म्हणतो. काम करावं की विकावी?
– वाचक, खानापूर

उत्तर : ९२ हजार हा एकच आकडा धरून बसलात तर निर्णय चुकेल. क्लच आणि सस्पेन्शन ही झीज आहे. एवढं चाललेल्या कुठल्याही गाडीला ती येते आणि गाडी ठेवायची तर ते काम टळत नाही. एसी ही सोय, ती पुढे ढकलता येते. उरलेले ६७ हजार, म्हणजे हाफ इंजिन (इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं) आणि टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा), हा तूर्त अंदाज आहे. गॅरेजने कुठली तपासणी करून तो काढला, हे पत्रात कुठेच नाही.

पण त्याही आधी पत्रा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातला पाऊस आणि लाल चिखल गाडीला वरून नाही, खालून खातो. हॅचबॅकला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चार ठिकाणी ठोकून बघा : पुढच्या चाकाला धरणारा लोअर आर्म जिथे बोल्टने बसतो ती जागा, बॉनेट उघडल्यावर दिसणारी शॉकअपची वरची बैठक, मागचा अॅक्सल बसतो ती जागा आणि दारांखालची लांब पट्टी. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आत गंज आहे. पायाखालचं मॅटिंग उचला, स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवा. पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारला असेल तर लोहचुंबक तिथे धरत नाही.

पहिल्या तीनपैकी एकाही ठिकाणी पत्रा सडलेला निघाला, तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी त्या गाडीत पैसे घालू नका. तिथे चाकाचा सगळा भार येतो, आणि वरून चिकटवलेलं ठिगळ तो भार पेलत नाही. दाराच्या खालच्या कडेला गंज असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. दाराखाली पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं. तारेने ती मोकळी करा, तेवढा तुकडा डेंटरकडून करून घ्या.

आता इंजिन. धुराचा रंग नीट बघा. गाडी गरम झाल्यावर, चढाला, मागच्या गाडीतून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पिकअप नाही आणि धूर काळा, अशी जोडी असेल तर स्वस्तातल्या जागा आधी : एअर फिल्टर, टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणारे रबरी पाइप, मग ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप). पाइपला बारीक चीर पडली की दाबाची हवा बाहेर जाते, चढाला सुस्स असा आवाज येतो आणि लोक टर्बो गेला म्हणतात. ईजीआरमध्ये काजळी बसून तो उघडा अडकला तरी हीच लक्षणं दिसतात, आणि तो बऱ्याचदा साफ करून चालतो.

ऑइल कुठे जातंय हे वेगळं शोधायचं. इंटरकूलरचा पाइप काढा. आत ऑइलचा पातळ थर असतोच, पण पाइपमधून ऑइल ओघळत असेल तर टर्बोचं सील किंवा तुंबलेला ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) यांच्यावर संशय घ्या. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघायला सांगा. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे हलला किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. टर्बो बदलताना ऑइल, फिल्टर, टर्बोला ऑइल नेणारा पाइप आणि चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी हे सगळं त्याच वेळी साफ करा किंवा बदला. पहिला टर्बो बहुतेक वेळा ऑइल न पोचल्याने मरतो, आणि कारण तसंच ठेवलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

रिंगा गेल्यात का, हे धुरावरून ठरवू नका. कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी मागा, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १०-१५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा. एखाद्याच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर लीक-डाउन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सर किंवा एअर फिल्टरच्या बाजूने आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग). अडीच हजाराला लिटर हे प्रमाण जास्त आहे, पण तेवढ्यावरून इंजिन उघडू नये.

आणि इंजिन उघडावंच लागलं, तर ‘हाफ इंजिन’ या शब्दावर भागवू नका. बोर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते सिलिंडरचं भोक, लंबवर्तुळाकार झिजलेला असताना नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर त्या नीट बसत नाहीत आणि ऑइल खाणं पुन्हा सुरू होतं. ब्लॉक बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये नेऊन बोर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून घ्या. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पुढचं कव्हर उघडलंय तर चेन, टेन्शनर आणि गाइड त्याच मजुरीत बदलून घ्या. क्लचचंही तसंच : गिअरबॉक्स खाली आल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही बदला आणि क्रँकचं मागचं सील बघून घ्या.

आता हिशेब. पत्रा चांगला आणि दोष पाइप किंवा ईजीआरचा निघाला, तर क्लच आणि सस्पेन्शन धरून काम ३० हजारांच्या आत यावं. गाडी ठेवा. टर्बोही गेला असेल तर एसीसकट ४७ हजार. तरीही ठेवा. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे पार्ट मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही आहेत. रिंगा गेल्या असतील आणि पूर्ण ९२ हजार लागत असतील, तर प्रश्न एकच : गाडी अजून किती वर्षं वापरणार? तीन वर्षं धरली तर महिन्याला सुमारे २,५५० रुपये पडतात. दुसऱ्या गाडीसाठी ५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ताच १०,५०० च्या आसपास जातो. म्हणून तीन-चार वर्षं ठेवणार असाल तर काम करा. वर्षभरात बदलायचीच असेल तर काम न करता विका, कारण इंजिनावर घातलेले ४५ हजार एजंट किमतीत धरत नाही. विकताना ऑइल खाते हे घेणाऱ्याला सांगा. आणि एका एजंटाच्या भावावर जाऊ नका, निदान तिघांना गाडी दाखवा.

प्रश्न : २०१० ची पेट्रोल गाडी आहे, केए-२३. आरसीची मुदत संपत आलीय. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते असं सगळे सांगतात. भंगारवाला २८ हजार देतो. देऊन टाकू का?
– वाचक, निपाणी

उत्तर : वयावरून डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी आली ती दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरती. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होऊन आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायला ६० दिवस उरले की अर्ज करता येतो. तुमच्यासाठी कार्यालय चिक्कोडीचं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. त्याशिवाय हरित कर भरावा लागतो. मुदत टळली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात, आणि त्या काळात गाडी रस्त्यावर आणली तर दंड होतो आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

तपासणीला नेण्याआधी हेडलाइटच्या काचा स्वच्छ करा, हँडब्रेक चढावर धरतो का बघा, टायर, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट बघा आणि पीयूसी काढून ठेवा. चासी नंबर गंजाने अस्पष्ट झाला असेल तर हलक्या हाताने साफ करा. तिथे पॉलिश पेपर मारू नका, खाडाखोड वाटली तर गाडी अडते. एवढ्या जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप जरूर बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

द्यायचीच ठरली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती गाडी देऊ नका, आरसी तुमच्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. गाडी मोडल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्या.

प्रश्न : चढाला टेम्परेचरचा काटा वर जातो, कूलंट कमी होतं. हेडचं काम सांगितलंय. विकून टाकावी का?
– वाचक, हुक्केरी

उत्तर : अजून नाही. आधी गार इंजिनावर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून घ्या. दाब पडला तर गळती पाइप, वॉटर पंप किंवा रेडिएटरची असू शकते. बाहेर काहीच गळत नसेल आणि सकाळी पांढरा धूर येत असेल तरच हेड गॅस्केट धरा. थर्मोस्टॅट आणि फॅनची मोटर ही दोन कामं हेडच्या मानाने फार स्वस्त आहेत. तोवर काटा वर गेला की लगेच थांबा. आणखी दोन किलोमीटर रेटलीत तर हेड वाकतं, आणि मग तुमचा प्रश्न खराच विकण्याचा होऊन बसतो.

प्रश्न : गाडी बेळगावची, गिऱ्हाईक चंदगडचं. शिनोळी आली की लगेच महाराष्ट्र, मग एनओसीची कटकट कशाला, सह्या करून देऊन टाका असं तो म्हणतो.
– वाचक, बेळगाव

उत्तर : असं देऊ नका. हद्द जवळ असली तरी राज्य वेगळं आहे. फॉर्म २८ ने बेळगाव आरटीओकडून ना हरकत घ्या, कर्ज असेल तर आधी बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ भरून बोजा उतरवा. मग मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्राचा रोड टॅक्स घेणाऱ्याला भरावा लागेल, किंमत ठरवताना तो कोणी सोसायचा हे आधीच बोलून घ्या, व्यवहार बहुधा तिथेच मोडतो. राज्याबाहेर विकलेल्या गाडीची माहिती विकणाऱ्याने ४५ दिवसांत कळवायची असते.

कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्यात धोका खरा आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी पुढे चार हातांत गेली असली तरीही. अधिकृत डीलरला देत असाल तर फॉर्म २९सी भरून घ्या, ही सोय १ एप्रिल २०२३ पासून आहे. गाडी सोडताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या, त्याच्या आधारची प्रत ठेवा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो : कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, तीन वर्षांत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लागू होतो.